बांधावरची कवळी

मालकांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द ‘नाय’ हा होता, आणि तो मी काही विचारायच्या आधीच आला होता.

मी वाघोलीत डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेल नुकतंच सोडलं होतं. म्हणजे हॉस्टेलने मला सोडलं होतं. त्या प्रकरणात एक विजेची शेगडी आणि वॉर्डनसरांची सतरंजी आहे, आणि दोष शेगडीचा नव्हता. खोली शोधत नगर रस्ता सोडून आत वळलो, तर एका तीनमजली बिल्डिंगच्या गेटात प्लास्टिकच्या खुर्चीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसलेले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पायजमा, पायात काही नाही. तोंडात एकही दात नसल्यामुळे हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. मी गाडी स्टँडला लावली.

“नाय,” ते म्हणाले.

“नमस्कार. खोली बघायला...”

“खोली नाय.”

मी गाडी वळवली. किक मारतोय तोवर मागून किल्ल्यांचा जुडगा वाजला. “वर, डाव्या हाताला. पाणी सकाळचं येतं, तवाच भरून ठेवायचं.”

त्यांचा ‘नाय’ हा नकार नसतो, हे कळायला मला महिना लागला. दाराला कडी असते तसा तो होता. आधी कडी, मग दार. बादली मागितली, “नाय”. संध्याकाळी खोलीबाहेर बादली. नळ गळतो म्हणालो, “नाय, गळत नाय”; दुसऱ्या दिवशी स्वतः पाना घेऊन हजर. गावात सांगत की मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांना पसंती विचारली तर ते “नाय” म्हणाले होते, आणि मग चाळीस वर्षं त्याच बाईंबरोबर संसार केला. मी तिथे राहिलो त्या तीन वर्षांत त्यांच्या तोंडून ‘व्हय’ ऐकल्याचं मला आठवत नाही. ‘बरं’ही नाही. माझं नावही त्यांनी कधी विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून मी ‘डाक्टर’, आणि तो शब्द ते असा उच्चारायचे की त्यात आदर सोडून बाकी सगळं असायचं.

किल्ली हातावर ठेवताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. “दंगा नाय. दारू नाय. कुत्रं नाय.”

पहिल्या दोन मला समजल्या. “कुत्रं का नाही, मालक?”

“कुत्र्याला मानूस लागतो. तुमी दिसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसनार. ते बसंल भिंतीकडं बघत.”

मी मान डोलावली. यवतमाळहून दात शिकायला आलेल्या माणसाला कुत्रा कशाला हवाय, असंही म्हणालो. चौथ्या महिन्यात मी कुत्रा आणला.

बाजू मांडतो. तिसऱ्या वर्षी आम्हाला पहिल्यांदा जिवंत तोंडं मिळतात. सकाळी साडेआठपासून पाचपर्यंत ओपीडी, त्यानंतर लॅब, त्यानंतर जर्नल, आणि दर आठवड्याला कसली ना कसली परीक्षा. त्या दिवशी मी दात कोरून भरायला जो खड्डा केला होता, तो सरांनी सगळ्या बॅचला बोलावून दाखवला आणि विचारलं, “यात स्कूटर लावायची आहे का?” मी बाहेर येऊन चहाच्या टपरीमागे उभा राहिलो. तिथे पोत्यावर पडलेलं एक तपकिरी पिल्लू उठलं, माझ्याजवळ आलं आणि माझे बूट चाटायला लागलं. त्या संपूर्ण सत्रात मला बघून आनंद झालेला तो एकमेव सजीव होता. मी त्याचं नाव ‘मोलर’ ठेवलं, कारण मेणाची दाढ कोरायच्या परीक्षेत मी तेव्हा दुसऱ्यांदा नापास होतो आणि एक तरी दाढ आपल्याला जमावी असं वाटत होतं.

प्लास्टरचे जबडे ठेवायच्या खोक्यात घालून मी त्याला गेटातून आत नेलं. मालक खुर्चीत होते.

“खोक्यात काय हाय?”

“जबडे, मालक. कॉलेजचे.”

“हलत्यात.”

“ताजे आहेत.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “नाय,” आणि तोंड फिरवलं. मी जिना चढताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. म्हाताऱ्याला काय कळतंय.

पुढचे दोन महिने मी वर्गात श्वानप्रशिक्षणाचा तज्ज्ञ म्हणून मिरवलो. मी सव्वाआठला खोलीला कुलूप लावून निघायचो, संध्याकाळी सात वाजता परत यायचो, आणि मोलर शांत झोपलेला असायचा. भुंकणं नाही, कुरतडणं नाही, घाण नाही. सगळं शिस्तीने होतं, दिनचर्या महत्त्वाची, कुत्र्याला मालकाचा शब्द कळतो, असं मी ज्युनियर मुलांना कॅन्टीनमध्ये उभं राहून सांगितलं. एकीने वहीत लिहून घेतलं. वाटीतलं महागडं खाणं तसंच असायचं आणि तरी कुत्रा बारदानासारखा फुगत चालला होता, याचा अर्थ मात्र मी लावला नाही. मी त्याला थायरॉईड असेल असं धरून चाललो होतो.

मग एकदा ताप आला म्हणून मी घरी राहिलो. डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलो होतो. बरोबर नऊ वाजता दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली. दार उघडलं. मोलर शेपटीने जमीन झाडत उठला.

“चल रं, मोल्या.”

मी पांघरुणातून डोकं काढलं. मालक दारात, हातात सुती दोरी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“मालक, ते... कुत्रं... मी सांगणारच होतो...”

“कुठाय कुत्रं?” ते दोरी त्याच्या गळ्यात अडकवत म्हणाले. “मला तर काय दिसत नाय.”

आणि त्याला घेऊन ते खाली गेले. त्यांना नावसुद्धा माहीत होतं. दोन महिने रोज सकाळी तो त्यांच्याबरोबर फिरत होता, दुपारी त्यांच्या ताटातली भाकरी खात होता, त्यांच्या खाटेखाली झोपत होता आणि पावणेसातला वर आणून कोंडला जात होता. माझी शिस्त ती एवढीच.

ते फिरायला कुठे जायचे, हे सांगायला हवं.

आमच्या बिल्डिंगला लागून एक मोठी सोसायटी होती. चार टॉवर, लॉन, कारंजं, काचेची जिम. ती सगळी मालकांच्या चार एकरांवर उभी. विकताना त्यांनी बिल्डरला सांगितलं होतं, “जिमीन घ्या. बांध नाय.” बिल्डर हसला होता. म्हाताऱ्याची गंमत म्हणून “ठीक आहे” म्हणाला होता. मालकांनी ती गंमत धरली नव्हती. रोज सकाळी नऊ वाजता, पाऊस असो, ताप असो, ते आपल्या शेताच्या बांधावरून अनवाणी चालत. आता बांध दिसत नसला तरी त्यांच्या पायांना दिसत होता. तो पार्किंगमधल्या दोन खांबांच्या मधून जायचा, घसरगुंडीच्या शिडीखालून वाकून पुढे निघायचा, ‘सी’ विंगच्या लॉबीत या दाराने शिरून त्या दाराने बाहेर पडायचा, आणि लॉनच्या कडेने कडुलिंबापर्यंत. लॉबीत सोफा मधे आला तर ते सोफ्याला वळसा घालायचे नाहीत. सोफ्यावर चढून पलीकडे उतरायचे. वॉचमनने सोफा हलवून घेतला.

एकदा मी विचारलं, “मालक, बांध इथूनच जात होता हे कशावरून?”

“खुणा हायेत.”

“कुठे?”

त्यांनी रिकामं तोंड उघडून दाखवलं. “पडला दात की बांधावर पुरला. बत्तीस हायेत. दगुड लोक हालवत्यात. दात कोन हालवनार?”

मी हसलो. ते हसले नाहीत. ते मला बनवत आहेत असं मी ठरवून टाकलं.

या फेरीत मोलर सामील झाल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी जागे झाले. खराडीत कुठल्याशा आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे, पन्नाशीचे, अतिशय नम्र गृहस्थ. नम्रपणानेच माणसाला सोलून काढणारे. त्यांनी लॉबीत सूचना लावली की बाहेरच्या कुत्र्यांना आत सक्त मनाई आहे. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता लॉबीत गाठ पडली. मीही होतो, कारण रविवार होता.

“काका, सूचना वाचलीत ना?”

“कुत्रं भायेरचं नाय,” मालक म्हणाले. “तुमी भायेरचे.”

पण दात नसताना आणि राग आलेला असताना हे वाक्य जसं बाहेर पडलं, ते फुंकर घातल्यासारखं होतं. सेक्रेटरींनी कान पुढे केला. “काय म्हणालात? परत म्हणता?” मालकांनी परत म्हटलं. परत फुंकर. सेक्रेटरी हसले. “माफ करा हं, काका. आपण काय बोलता ते समजतच नाही. लेखी देता का?”

सोफ्यावरच्या दोन बायका हसल्या. मालक पुढे चालू लागले, बांध पुरा केला, आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. ‘नाय’सुद्धा नाही.

हे घडलं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो आणि माझं स्वतःचं घर जळत होतं. आमच्यात कोटा असतो. इतके दात काढायचे, इतके भरायचे, आणि दोन माणसांची पूर्ण कवळी, म्हणजे वरचा-खालचा दातांचा अख्खा संच, स्वतःच्या हाताने करायची. कोटा पुरा नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. एक कवळी झाली होती. दुसऱ्यासाठी मी मार्केट यार्डातले एक म्हातारे हमाल पटवले होते. पटवले म्हणजे काय, तर त्यांना घरून आणायचं, नाश्ता द्यायचा, परत सोडायचं. सगळेच तसं करतात, बोळक्या तोंडाचा माणूस आमच्यात नवरदेवासारखा वागवला जातो. तीन बैठका झाल्या आणि ते गावी गेले ते आलेच नाहीत. फोन केला तर नातीने उचलला. “आजोबा म्हणतात आता दात नको. इकडे आंबे आलेत.”

तीन आठवडे उरले होते. मी ओपीडीच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. माझ्यासारखे आणखी नऊ जण बघत होते. एकाने तर स्वतःच्या आत्याला साताऱ्याहून एसटीत बसवून आणलं, आणि उतरल्यावर कळलं की आत्याला अजून सहा दात आहेत. आणि माझ्या घरातच, खालच्या मजल्यावर, एकही दात नसलेलं, जगातलं सर्वोत्तम तोंड बसलेलं होतं.

“मालक, तुम्हाला कवळी करून देऊ का?”

“नाय.”

मी बादलीची वाट बघितली तशी वाट बघितली. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी लॉबीतला तो प्रकार झाला. सहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी गाडी काढली तर मागच्या सीटवर मालक बसलेले, टोपी घट्ट दाबून, मांडीवर मोलर.

“शेक्रेटरीला समजंल असे दात पायजेत,” ते म्हणाले. “नायतर नको.”

“मालक, कुत्र्याला कॉलेजात...”

“मग नको.”

मी दोघांना घेऊन गेलो. उरलेल्या दोन आठवड्यांत मोलर सहा वेळा डेंटल कॉलेजला आला, म्हणजे माझ्या काही मित्रांपेक्षा जास्त. त्या दिवशी बांधाची फेरी सातलाच उरकायची. मालकांनी खिडकीशेजारची खुर्ची धरली होती. मोलरला बाहेर गजाला बांधायचं आणि तो दिसत राहील तरच तोंड उघडायचं, अशी अट. पहिल्याच दिवशी विभागाच्या मॅडम आल्या. मॅडम पेठेतल्या, पंचवीस वर्षं कवळ्या शिकवत असलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी खिडकीतून बघितलं. मोलरने जीभ बाहेर काढून त्यांच्याकडे बघितलं.

“हा कुत्रा कोणाचा?”

माझं सबंध वर्ष माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. सही त्यांची, कोटा त्यांच्या हातात, परीक्षा त्यांच्या हातात.

“माहीत नाही, मॅडम,” मी म्हणालो.

खुर्चीतून आवाज आला. “माजाय.”

मॅडमनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं, “बरं,” म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या. मी मालकांच्या तोंडात मापाचा ट्रे घातला तेव्हा त्यांनी तो हिरड्यांनी असा धरला की मला काढता येईना. एवढंच.

केसपेपर भरताना मी नियमाप्रमाणे विचारलं, दात कधी काढले. “काडले नाय. पडले. बांधावर पुरले.” मी ते जसंच्या तसं लिहिलं. मॅडमनी त्याखाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढलं.

चौथ्या बैठकीत मेणात लावलेले दात तोंडात घालून उच्चार तपासतात. ‘स’ नीट आला पाहिजे, म्हणून रुग्णाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगायचं, ही आमच्याकडची पिढीजात पद्धत.

“आजोबा, म्हणा, साठ, एकसष्ट,” मॅडम म्हणाल्या.

“नाय.”

“बरं, मग तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा.”

मालक खुर्चीत ताठ बसले. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि अगदी सावकाश म्हणाले, “शेक्रेटरीसायेब, सरका बाजूला.”

मॅडमनी केसपेपरवर खूण केली. “ ‘स’ छान येतोय,” त्या मला म्हणाल्या. “ ‘श’ किंचित जास्त आहे. पण तो दातांचा दोष वाटत नाही.”

गुरुवारी कवळी बसली. शुक्रवारी तपासणी आणि सही. शुक्रवार कोट्याचा शेवटचा दिवस. मालक गुरुवारी संध्याकाळी दात घालून, स्वच्छ सदरा चढवून लॉबीत जाऊन आले. सेक्रेटरी ऑफिसातून यायचे होते. मालक अर्धा तास सोफ्यावर बसले, ज्यावर ते पूर्वी चढायचे, आणि परत आले. टोचतंय म्हणत कवळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवली, वाटी खाटेखाली. खाटेखाली कोण झोपतं हे मी विसरलो होतो, पण तुम्ही विसरला नसाल. खरं म्हणजे ती पाण्यात, झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवायची असते. हे रुग्णाला सांगायचं काम विद्यार्थ्याचं. छापील कागद असतो. तो माझ्या खिशात होता.

सकाळी सात वाजता दार वाजलं.

“डाक्टर, दात गेले.”

“कुठे गेले?”

“बांधावर.”

मोलर त्यांच्या मागे उभा होता, नाकाला माती, चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान. त्याला जादा भाकरी मिळाली की तो ती पुरून ठेवायचा, आणि कुठे ते मालकांना ठाऊक होतं. लॉनच्या टोकाला, कडुलिंबाखाली. ते झाड तोडायची परवानगी मिळाली नव्हती, म्हणून तेवढा कोपरा जुन्या मातीचा राहिला होता. मालकांनी खुरपं घेतलं. मी अंगात ॲप्रन चढवला होता, हाताला लागला तो प्लास्टर कालवायचा चमचा घेतला आणि धावलो.

पहिल्या खड्ड्यात भाकरीचे तुकडे आणि कुणाच्या तरी बाळाची चप्पल निघाली. दुसऱ्यात वरची कवळी. गुलाबी, ओली, मातीतून आमच्याकडे बघून हसत असलेली. मी ती ॲप्रनच्या खिशात टाकली. तोवर बाल्कन्यांतून माणसं गोळा झाली होती आणि सेक्रेटरी चालायच्या कपड्यांत, पाण्याची बाटली घेऊन, येऊन उभे राहिले होते.

“काका, हे काय चाललंय?”

मालक खणत होते.

“अहो, लॉन आहे हे. काय शोधताय?”

“दात,” मालक फुंकरले.

“काय?”

“दात शोधतोय,” मी म्हणालो. “त्यांचे.”

सेक्रेटरींनी माझ्या ॲप्रनकडे बघितलं. “तुम्ही डॉक्टर दिसता. शिकलेले. तुम्हीसुद्धा?” मग त्यांचं लक्ष मोलरकडे गेलं. तो चौथा खड्डा सुरू करून आम्हाला मदत करत होता. “आणि हा कुत्रा कोणाचा?”

मला तेव्हा खिडकीचा गज आठवला, मॅडम आठवल्या, आणि माझं “माहीत नाही” आठवलं. भीती तीच होती. या माणसाने कॉलेजात एक पत्र टाकलं असतं तरी मी गेलो असतो.

“माझा,” मी म्हणालो.

“माजाय,” मालक त्याच वेळी म्हणाले.

“एक काय ते ठरवा,” सेक्रेटरी म्हणाले. “मला तक्रारीत नाव लिहायचंय.”

“दोन्ही लिहा,” मी म्हणालो. “माझं आधी.” आणि यवतमाळच्या पत्त्यासकट माझं नाव सांगितलं. मालकांनी माझं नाव ऐकलं ते बहुधा तेव्हाच.

तिसऱ्या खड्ड्यात माझा चमचा कशावर तरी अडला. मी बोटांनी माती काढली. कवळी नव्हती. एकच दात होता, पिवळा, झिजलेला, जुना. मी तो उलटसुलट केला. मुळं बघितली, माथा बघितला. तीन वर्षं मला जे जमलं नव्हतं ते तेव्हा क्षणात जमलं.

“खालची, डावीकडची पहिली दाढ,” मी म्हणालो. “माणसाची.”

मालकांनी ती माझ्या तळहातावरून उचलली, सदऱ्याला पुसली आणि सेक्रेटरींच्या नाकासमोर धरली. बोलले नाहीत. बोलून समजणार नव्हतंच. मग वाकून ती होती तिथेच परत पुरली आणि वरून पायाने माती दाबली. त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, मोलरच्या चौथ्या खड्ड्यात खालची कवळी सापडली.

आता जे झालं ते मी माझ्या रुग्णांना सांगत नाही. मालकांनी माझ्या खिशातून वरची कवळी काढली, झाडांना पाणी घालायच्या नळाखाली दोन्ही धुतल्या, आणि मी “अहो मालक, जंतू” म्हणेपर्यंत तोंडात बसवल्या. जबडा दोनदा आवळला. टोपी सरळ केली. हनुवटी नाकापासून दूर, तिच्या जागी गेली, आणि एकदम दहा वर्षांनी तरुण झालेला एक माणूस सेक्रेटरींच्या समोर उभा राहिला.

“शेक्रेटरीसायेब, सरका बाजूला. बांधावर उभे हाये तुमी.”

चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक अक्षर गेलं. ‘स’ तर असा वाजला की मी जंतू विसरलो. सेक्रेटरी खरोखर एक पाऊल बाजूला सरकले. मालक तिथून गेले. मागून मोलर गेला. त्यांच्या मागून, चमचा हातात घेऊन, मी.

अकरा वाजता आम्ही कॉलेजात होतो. कवळी मी औषधात तीनदा बुडवून काढली होती, पण खालच्या कडेवर एक बारीक खाच होती, ती बुडवून जाणार नव्हती. मॅडमनी तिच्यावरून बोट फिरवलं.

“हे काय आहे?”

“माझ्या कुत्र्याने चावलंय, मॅडम.”

“तुझ्या?” त्या वर न बघता म्हणाल्या. “त्या दिवशी तर तुला माहीत नव्हतं.”

“आज कळलं.”

त्यांनी कवळी मालकांच्या तोंडात बसवली, दाबून बघितली आणि केसपेपर उघडला. “आजोबा, दात व्यवस्थित बसतात का?”

“नाय,” मालक म्हणाले.

मॅडमचं पेन कागदावर टेकलं. मी डोळे मिटले. कडी आहे ही, दार मागून येतं, हे त्यांना कसं सांगणार? डोळे उघडले तेव्हा मालकांनी सदऱ्याच्या खिशातून वाळलेल्या भाकरीचा अर्धा तुकडा काढला होता. त्यांनी तो समोरच्या दातांनी कडकन मोडला आणि चावू लागले. सावकाश, दोन्ही बाजूंनी, मॅडमच्या डोळ्यांत बघत. सगळा विभाग थांबून ऐकत होता. उरलेला तुकडा त्यांनी खिडकीतून बाहेर टाकला आणि बाहेरून दुसऱ्या कुणीतरी चावल्याचा आवाज आला.

मॅडमनी लिहिलं ते माझ्याकडे अजून आहे. “रुग्ण समाधानी. तोंडी कबुली नाही.” खाली सही.

तक्रार पुढे सरकली नाही. नावं दोन असल्यामुळे कुणावर कारवाई करायची ते समितीत ठरेना, असं वॉचमन म्हणाला. मालक कवळी जेवायला कधीच वापरत नाहीत. भाकरी हिरड्यांनीच खातात. दात झाकणाच्या डब्यात, पाण्यात, उंचावर असतात आणि सकाळी नऊ वाजता लॉबीपुरते बाहेर निघतात.

मी पास झालो, इंटर्नशिप संपली, यवतमाळला एका दवाखान्यात काम मिळालं. टेम्पोत सामान चढवलं. खोकी, पुस्तकं, प्लास्टरचे जबडे. मोलरचं जुनं खोकंही पुढच्या सीटवर ठेवलं. मालक खुर्चीत, मोलर त्यांच्या पायाशी.

“मालक, मोलरला नेतो आता.”

“नाय.”

मला सवय होती. मी गेटपाशी उभा राहिलो. नऊ वाजले. त्यांनी दात घातले, दोरी घेतली. मोलर उठला, माझ्याजवळ आला, माझे बूट पहिल्या दिवसासारखे नीट चाटले, आणि मग वळून त्यांच्या मागे खांबांच्या मधून निघून गेला. कुत्र्याला माणूस लागतो, हे मला किल्ली देतानाच सांगितलेलं होतं. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

कवळी सहा महिन्यांनी तपासायची असते. मी इतका काटेकोर दंतवैद्य आहे की त्यासाठी यवतमाळहून वाघोलीला येतो. खाच बघतो, हिरड्या बघतो, मोलरचे दात बघतो, आणि दर वेळी विचारतो, मोलरला नेऊ का. दर वेळी तेच उत्तर येतं, त्यात ‘स’ नसतो, तरी आता दातांमुळे एकदम स्वच्छ.

मग मी गेटपाशी थांबतो. त्या ‘नाय’च्या मागून काहीतरी येतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. वेळ लागतो, एवढंच.